मॅक्रोला फाइल विचारायला शिकवा



दुकानासाठी एक्सेलमध्ये मॅक्रो करून घेतलेला कोणी भेटला, की मी आजकाल आधी एकच प्रश्न विचारतो. तुमचा मॅक्रो फाइल स्वतःच उचलतो, की तुम्हाला विचारतो? बहुतेक जण खुश होऊन सांगतात, "स्वतःच उचलतो सर, आपल्याला काही करावंच लागत नाही. एक बटन दाबलं की काम खल्लास."

मीही आधी असंच सांगायचो, आणि वर्गातही तसंच शिकवायचो. आज माझं मत बरोब्बर उलटं आहे. ज्या मॅक्रोला बाहेरून आलेली फाइल लागते, त्यानं ती फाइल माणसाला विचारूनच घ्यावी. आणि माणसानं दिलेली फाइल तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये. हे मत पुस्तकातून आलेलं नाही, माझ्याच काउंटरवर बसलेल्या फटक्यातून आलंय. तो आधी सांगतो.

माझं वाशिमला पाइप, मोटार आणि तुषार संचाचं दुकान आहे. सोयाबीन निघालं, बाजार समितीत विकलं, की आमच्याकडं हरभऱ्याची तयारी सुरू होते. तेव्हा स्प्रिंकलर आणि पाइपला गिऱ्हाईक असतं. पीव्हीसी पाइपचे भाव काही स्थिर नसतात. कच्चा माल वरखाली झाला की रेट बदलतो, आणि होलसेलवाल्याकडून नवीन रेटलिस्टची एक्सेल फाइल व्हॉट्सॲपवर येते. दोनशेच्या वर आयटम, ते हातानं कोण बदलणार? म्हणून मी मॅक्रो लिहिला होता. डी ड्राइव्हमध्ये 'रेट' नावाचं फोल्डर, त्यात 'रेटलिस्ट' नावाची फाइल. बटन दाबलं की मॅक्रो ती उघडणार, भाव उचलणार, आमच्या कोटेशनच्या शीटमध्ये टाकणार आणि 'काम पूर्ण झाले' असा इंग्रजी निरोप देणार. फाइलचा पत्ता कोडमध्येच पक्का लिहिलेला.

ऐन हंगामात भाव उतरले. नवीन लिस्ट आली. काउंटर सांभाळणाऱ्या मुलीनं ती संगणकावर उतरवली, 'रेट' फोल्डरमध्येच. पण तिथं त्याच नावाची जुनी फाइल आधीच होती. मग ब्राउझर जे करतो तेच त्यानं केलं. नव्या फाइलच्या नावापुढं कंसात एक आकडा लावला आणि तिला बाजूला ठेवून दिलं. मुलीनं बटन दाबलं. मॅक्रोनं इमानदारीनं जुनीच फाइल उघडली, जुनेच भाव पुन्हा भरले आणि सांगितलं, काम पूर्ण झाले.

आठ-दहा दिवस आम्ही जुन्या, म्हणजे जास्तीच्या भावानं कोटेशन देत होतो. काही गिऱ्हाईकं भाव विचारून गेली ती आलीच नाहीत. मला वाटलं, हंगाम थंड आहे. मग एक दिवस वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं येणारे एक काका आले. त्यांनी आमचं कोटेशन आणि दुसऱ्या दुकानाचं बिल काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "बापू, आमच्याकूनच जास्ती काहून घेऊन राह्यले?"

ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. नुसतं विचारलं आणि बसून राहिले.

त्यांच्यासमोरच मी मुलीवर चिडलो. रेट अपडेट का नाही केले? ती म्हणाली, "दादा, मी तं तुम्ही सांगतलं तसंच केलं. फाइल त्याच फोल्डरात टाकली न् बटन दाबलं." तिचं खरं होतं. मी सांगितलेलं तिनं केलं होतं, मॅक्रोनंही मी सांगितलेलंच केलं होतं. चूक माझ्या एका ओळीत होती, आणि ती ओळ तिला दिसतसुद्धा नव्हती. संध्याकाळी मी तिची माफी मागितली. काकांना फरकाचे पैसे देऊ केले, पण त्यांनी माल दुसरीकडून घेतला होता, त्यामुळं द्यायला फरक असा काही उरलाच नव्हता.

आता मुद्द्यावर येऊ.

पत्ता पक्का लिहिलेल्या मॅक्रोची खरी अडचण तो बंद पडतो ही नाही. बंद पडला तर उलट बरं. लाल-पिवळं काहीतरी दिसतं, आपण फोन करतो, दुरुस्त करून घेतो. लॅपटॉप बदलला की असे मॅक्रो बंद पडतातच, कारण डेस्कटॉपच्या पत्त्यात वापरणाऱ्याचं नाव असतं आणि नव्या लॅपटॉपवर ते वेगळं असतं. वनड्राइव्ह चालू केलं तरी डेस्कटॉपचा पत्ता बदलू शकतो. हा त्रास आहे, पण समोर दिसणारा. खरी भीती बंद न पडणाऱ्या मॅक्रोची आहे. चुकीची फाइल तिथं हजर असते, रकाने तेच, नाव तेच. मॅक्रो बिनतक्रार चालतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून विचारा. एक्सेलमध्ये त्यासाठी सोय आहे आणि ती फुकट आहे. तुम्ही फोटो पाठवताना किंवा फॉर्मला आधार कार्ड जोडताना जी 'फाइल निवडा'वाली खिडकी उघडते, तीच. १९९२ मध्ये विंडोज ३.१ आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सगळ्या प्रोग्रॅमना वापरता येईल अशी फाइल उघडण्याची सामाईक खिडकी दिली. पुढच्याच वर्षी एक्सेल ५ सोबत व्हीबीए आलं, म्हणजे आपण मॅक्रो लिहितो ती भाषा. त्यामुळं ही खिडकी कशी वापरायची हे तुमच्या कामावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. ते त्याला आधीच येतं.

व्हीबीएमध्ये ही खिडकी उघडायचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. एक, ॲप्लिकेशनचं 'गेट ओपन फाइलनेम'. दुसरा, 'फाइल डायलॉग', त्यातला 'फाइल पिकर' हा प्रकार. कोड व्हिडिओमध्ये पडद्यावर दाखवलाय. इथं फक्त ज्या जागी नवीन माणूस हमखास अडखळतो त्या जागा सांगतो.

पहिली जागा. 'गेट ओपन फाइलनेम' नावावरून वाटतं की ते फाइल उघडतं. उघडत नाही. ते फक्त निवडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता हातात देतं. उघडायचं काम पुढच्या ओळीत 'वर्कबुक्स ओपन'नं करायचं. ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे, कारण निवडणं आणि उघडणं यांच्यामध्ये तपासायला जागा मिळते. उघडताना 'रीड ओन्ली' लावा, म्हणजे होलसेलवाल्याच्या मूळ फाइलला चुकूनही धक्का लागणार नाही.

दुसरी जागा, 'कॅन्सल'. माणसानं खिडकी उघडली, फाइल सापडली नाही आणि कॅन्सल दाबलं, तर? तेव्हा पत्ता मिळत नाही, 'फॉल्स' मिळतं. तुम्ही उत्तर ठेवायचा डबा 'स्ट्रिंग' प्रकारचा केला असेल, तर त्यात 'फॉल्स' हा शब्दच जाऊन बसतो. मग मॅक्रो फॉल्स नावाची फाइल शोधायला निघतो आणि १००४ नंबरची एरर देतो. म्हणून तो डबा 'व्हेरियंट' ठेवा, उत्तर 'फॉल्स' आहे का ते आधी बघा, आणि असेल तर काहीही न बदलता मुकाट्यानं बाहेर पडा. एकदम अनेक फाइली निवडायची सोय दिली असेल, तर उत्तर पत्त्यांच्या यादीच्या रूपात येतं, कॅन्सलला मात्र तेव्हाही 'फॉल्स'च. 'फाइल डायलॉग' वापरला तर हिशेब वेगळा : निवडलं तर उणे एक, रद्द केलं तर शून्य.

ही कॅन्सलची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'मला खात्री नाही, मी थांबतो' असं म्हणायचा हक्क कामावरच्या माणसाला हवा. कॅन्सल दाबल्यावर एरर येत असेल, तर तो पुढच्या वेळी घाबरून कुठली तरी फाइल निवडेल. म्हणजे मॅक्रो लिहिणाऱ्यानंच त्याला चुकीकडं ढकललं.

तिसरी जागा फिल्टरची. खिडकीत फक्त लागतील त्याच फाइली दिसू द्या. रेटलिस्टसाठी एक्सएलएसएक्स पुरे. एक्सएलएसएम, म्हणजे ज्यांच्या पोटात मॅक्रो असतात त्या फाइली, यादीत ठेवू नका. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली, हे तुम्ही पाहिलं असेल. पण आपल्या मॅक्रोनं एखादी फाइल उघडली, तर तिच्यातले मॅक्रो चालू द्यायचे की नाही याची वेगळी सेटिंग असते, आणि ती मुळात सैलच असते. कोणी पाठवलेली फाइल डोळे झाकून उघडायची नाही, एवढं लक्षात ठेवा. फिल्टर असूनही माणूस नाव टाइप करून वेगळी फाइल देऊ शकतो, म्हणून शेवटची अक्षरं कोडमध्येही तपासा.

चौथी जागा खास आपली, मराठीत काम करणाऱ्यांची. तुम्ही फाइलीला 'सोयाबीन खरेदी' असं देवनागरीत नाव दिलं आणि तेच नाव मॅक्रोच्या कोडमध्ये लिहायला गेलात, तर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. व्हीबीएच्या एडिटरला आपली लिपी पेलत नाही. म्हणजे मराठी नावाच्या फाइलीचा पत्ता कोडमध्ये सरळ पक्का करताच येत नाही. निवडण्याच्या खिडकीतून मात्र तोच पत्ता नीट मिळतो आणि फाइल उघडते. मेसेजच्या डब्यातही मराठीची प्रश्नचिन्हं होतात. म्हणून 'होलसेलवाल्याची आजची रेटलिस्ट निवडा' ही सूचना शीटवर, बटनाच्या शेजारी मराठीत लिहून ठेवा. तिथं ती नीट दिसते आणि बटन दाबायच्या आधी वाचली जाते.

आता जो आक्षेप मला प्रत्येक वर्गात ऐकू येतो, त्याच्याकडं वळू. "सर, रोज रोज विचारलं तर माणूस न बघता क्लिक करणार. मग पक्का पत्ता काय वाईट?"

आक्षेप खरा आहे. नुसतं विचारून भागत नाही. मीही आधी फक्त खिडकी लावली आणि निवांत झालो. महिनाभरात मी स्वतःच गडबडीत दुसऱ्या कंपनीची लिस्ट निवडली. म्हणून आता आमचा मॅक्रो फाइल घेतल्यावर लगेच भाव बदलत नाही. आधी वरच्या ओळीतली रकान्यांची नावं अपेक्षेप्रमाणे आहेत का बघतो. लिस्टवरची तारीख मागच्या वेळेपेक्षा नवीन आहे का बघतो. मग समोर सांगतो : ही फाइल, ही तारीख, इतके आयटम, आणि तीन इंची पाइपचा भाव आधी इतका, आता इतका. पुढं जाऊ का? 'हो' म्हटलं तरच भाव बदलतात. शेवटी 'नोंद' नावाच्या शीटमध्ये दिवस, वेळ आणि फाइलचं नाव लिहून ठेवतो.

यातला तीन इंची पाइपचा भाव सगळ्यात कामाचा. फाइलचं नाव माणूस वाचत नाही, पण रोज विकतो त्या मालाचा भाव त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. तुम्ही किराणावाले असाल तर तेलाच्या डब्याचा भाव दाखवा, कृषी केंद्र असेल तर खताच्या बॅगचा.

काही जण म्हणतात, फाइलची तारीख संगणकच सांगतो, तीच बघून मॅक्रोला ताजी फाइल उचलू द्या. फसाल. ती तारीख फाइल तुमच्या डिस्कवर आल्याची किंवा बदलल्याची असते. जुनी लिस्ट कोणी आज पुन्हा फॉरवर्ड केली, तर संगणकाच्या लेखी तीच ताजी.

हाच धोका जीएसटीत आणखी महाग पडतो. आपल्यातले बरेच जण खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी मॅक्रोनं जुळवतात. १ जानेवारी २०२२ पासून २बीमध्ये दिसणाऱ्या बिलांचंच इनपुट क्रेडिट घेता येतं. २बी साधारण १४ तारखेला तयार होतं आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्याला ३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या पाच-सहा दिवसांत सगळी घाई. प्रत्येक महिन्याची २बी फाइल दिसायला सारखीच, त्यामुळं मागच्या महिन्याची दिली तरी मॅक्रो तक्रार करणार नाही. घरात वडिलांची एक फर्म आणि तुमची एक असेल, तर फर्मचीही अदलाबदल होऊ शकते. जुळलेली बिलं 'आली नाहीत' म्हणून तुम्ही अकोल्याच्या व्यापाऱ्याचं पेमेंट विनाकारण अडवाल, नाहीतर नको ते क्रेडिट घेऊन वापराल आणि १८ टक्क्यांनी व्याज भराल. म्हणून फाइलमधला महिना आणि पंधरा अक्षरी जीएसटीआयएन मॅक्रोनं वाचावा, तुम्ही सांगितलेल्याशी ताडून बघावा आणि जुळला नाही तर तिथंच थांबावं. चार ओळींचं काम आहे.

मग पक्का पत्ता कधीच नको का? असंही नाही. जी फाइल तुमचीच आहे, बाहेरून येत नाही, मॅक्रोच्या शेजारीच राहते, तिच्यासाठी दरवेळी विचारणं म्हणजे छळ. गिऱ्हाईकांची यादी, एचएसएन कोडचा तक्ता असल्या फाइली मॅक्रोच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि 'धिस वर्कबुक'चा 'पाथ' वापरून शोधा. अख्खं फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर नेलं तरी चालेल. बारा महिन्यांच्या बारा फाइली एकत्र करायच्या असतील, तर एक्सेल २०१६ पासून आतच मिळणारी पॉवर क्वेरी अख्खं फोल्डर वाचते, तिथं मॅक्रोचीही गरज नाही. माझा नियम साधा आहे : फाइल दुसऱ्याकडून येत असेल किंवा दर वेळी बदलत असेल, तर विचारायचं.

आणि विचारताना थोडी मदतही करायची. 'फाइल डायलॉग'मध्ये खिडकी कुठल्या फोल्डरपासून उघडावी हे आधी सांगता येतं. तुमच्या 'रेट' फोल्डरपासून उघडा. नाहीतर माणूस डाउनलोडच्या ढिगाऱ्यात लग्नाचे फोटो आणि लाइट बिल उपसत बसतो.

तुम्ही स्वतः मॅक्रो लिहीत नसाल, पैसे देऊन करून घेत असाल, तरी हा लेख तुमच्यासाठीच आहे. पैसे देण्याआधी चार गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर करून बघा. एक, मॅक्रोचं फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर नेऊन चालवा. दोन, खिडकी उघडली की कॅन्सल दाबा. तीन, मुद्दाम मागच्या महिन्याची फाइल द्या. चार, भलतीच फाइल द्या, मुलाच्या शाळेचं वेळापत्रक दिलं तरी चालेल. चारही वेळा मॅक्रो नीट वागला, काही बिघडवलं नाही, तर काम झालं समजा. करणारा म्हणेल, "असं कोण करतं सर?" त्याला सांगा, दिवाळीच्या गर्दीत मीच करतो.

आपल्या जिल्ह्यात एमएस-सीआयटी केलेली, एक्सेल बऱ्यापैकी येणारी मुलं-मुली गावोगाव आहेत. दुकानात त्यांना घेताना आपण म्हणतो, "तुला काही करायचं नाही, फक्त बटन दाबायचं." मला आता हे वाक्यच खटकतं. फक्त बटन दाबणाऱ्याला चूक पकडायची संधीच आपण देत नाही, आणि चूक झाली की पहिला ओरडा त्यालाच. मॅक्रोनं विचारलं, 'ही लिस्ट, ही तारीख, बरोबर आहे का?' तर त्याला बघावं लागतं, ठरवावं लागतं. मालक दुकानात नसला तरी काम बरोबर होतं. धंदा वाढवायचा असेल, रिसोडला किंवा मंगरूळपीरला दुसरं दुकान टाकायचं असेल, तर असं ठरवणारं माणूसच कामाला येतं.

आमच्याकडं ती मुलगी अजून आहे. गेल्या हंगामात तिनं एकदा कॅन्सल दाबून मला फोन केला. लिस्टवरची तारीख बरोबर होती, पण तीन इंची पाइपचा भाव एकदम निम्मा दिसत होता. होलसेलवाल्यानं त्या लिस्टमध्ये वीस फुटी नगाऐवजी दहा फुटी नगाचा भाव टाकला होता. तो फोन आला नसता तर अर्ध्या भावानं माल गेला असता.

तर आज रात्री दुकान बंद केल्यावर एक काम करा. तुमचा मॅक्रो उघडा आणि कोडमध्ये 'सी' किंवा 'डी' ड्राइव्हचा पत्ता कुठं लिहिलाय ते शोधा. सापडला, तर ती फाइल कोणाकडून येते आणि किती वेळा बदलते, ते कागदावर लिहा. बदल कसा करायचा ते व्हिडिओत आहेच. अडलं तर विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.